भूकंपाचा झोका

कराडच्या खाली कृष्णेच्या काठाला नाथाजीची सहा एकर उसाची जमीन. थोरला पोरगा जोतीराम मिल्ट्रीत, धाकटी बनू सहावीत, दावणीला बैलजोडी आणि एक दुभती म्हैस. देवानं काही कमी केलं नव्हतं, आणि जीभ तर मापाबाहेर दिली होती. माणूस वाईट नव्हता बरं का. पण एकदा सांगायला बसला की ऐकणाऱ्याच्या चहावर साय धरायची आणि याचं आपलं ‘मग काय झालं सांगतो’ चालूच.

त्याची बायको साळूबाई याच्या बरोबर उलटी. घरात दोघांनी मिळून जेवढं बोलायचं तेवढं नाथाजी एकटाच बोलून टाकायचा, तिच्या वाटणीला काही उरतच नव्हतं. नवव्या वर्षी ती या घरात सून म्हणून आली. लग्न लागलं तेव्हा बापाच्या खांद्यावर झोपली होती, कुणाची तरी अक्षता डोळ्यात गेली म्हणून रडत उठली. मग परातीत तांदूळ पसरले, कुणीतरी अंगठीनं त्यात काहीबाही लिहिलं, आणि बाया म्हणाल्या, आता तू साळू. आपल्याकडं रीतच आहे, पोरगी सासरी आली की तिचं नाव बदलायचं. आधीचं नाव त्या तांदळाबरोबर कुठल्या चुलीवर शिजलं कुणास ठाऊक. साळूबाईनं कधी तक्रार केली नाही. केली असती तरी कोण ऐकणार होतं म्हणा!

एकोणऐंशी सालच्या चैत्रात जोतीरामला रजा मिळाली. पोरगा सव्वीस वर्षांचा, दोन ठिकाणी जमता जमता मोडलेलं. या रजेत त्याचे दोनाचे चार हात करायचेच, असं नाथाजीनं मनावर घेतलं. स्थळ आलं ते आष्ट्याचं. आप्पासोंचं घर तालेवार, मुलगी शालन वीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, दिसायला नाकीडोळी नीटस. सगळं मनासारखं. आप्पासोंची अट तेवढी एकच होती. साटंलोटं.

म्हणजे आमची पोरगी तुम्हाला, तुमची पोरगी आम्हाला. देणंघेणं नको, रुसवेफुगवे नकोत, एकाच मांडवात दोन लग्नं. आप्पासोंचा थोरला लालासाहेब तिशीला आलेला, त्याची पहिली बायको इंदू बाळंतपणात गेलेली. आणि नाथाजीची बनू? तिला अजून तेरावं सरायचं होतं. परकर-पोलक्यात हुंदडत होती, दगड मारून चिंचा पाडत होती. अजून शहाणीसुद्धा झाली नव्हती हो पोर!

तरी नाथाजी बायकोला घेऊन आष्ट्याला गेला आणि दोन्हीकडची सुपारी फोडून आला. आणि सुपारी फोडून झाल्यावर पानाला चुना लावता लावता त्यानं आपली ती गोष्ट सांगितली. कोयनेच्या भूकंपाची. पंचक्रोशीत ती गोष्ट ज्यानं दोनदा ऐकली नाही असं माणूस औषधाला सापडलं नसतं. सोप्यात पुरुष ऐकत होते, माजघरात बायका. साळूबाईला ती पाठ होती, त्यामुळं तिचं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या शालनकडं गेलं. पोरगी श्वास धरून ऐकत होती. गोष्ट संपली तसं तिनं साळूबाईकडं वळून पाहिलं. काहीतरी विचारायचं होतं तिला, पण विचारलं नाही, आत निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात आष्ट्याहून निरोप आला की सासरी बनूचं नाव सुमन ठेवायचं ठरलंय. साळूबाई भाकरी थापत होती, बनू चुलीपुढं बसून काटक्या सारत होती. एकाएकी तिनं विचारलं, “आये, तितं मला सुमन म्हनून हाक मारली, आन् मी ओ द्यायची इसरली, तर मारत्याल का गं?”

साळूबाईचा हात परातीत तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी नाथाजी जेवून हात धुवायला उठला तेव्हा तिनं तोंड उघडलं. “आवं, पोरगी ल्हान हाय. जोतीरामाचं उरकून घिऊ, बनूचं फुडं बघू की.”

“ल्हान? तू कितीची हुतीस? मेलीस का?”

मेली तर नव्हती.

“आन् साट्यातली पोरगी मागं ठिवली तर ते त्यांची देत्याल व्हय?” नाथाजी म्हणाला. “शबुद दिलाय म्या.”

शब्द दिलाय म्हटल्यावर नाथाजीपुढं ब्रह्मदेवाचंही चालत नव्हतं. साळूबाई गोठ्यात गेली आणि म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून पोटभर रडली. म्हैस बिचारी गप्प उभी राहिली. घरात तेवढं तरी कुणी ऐकून घेत होतं.

तिला वाटलं होतं, जोतीराम आला की बापाला चार गोष्टी सांगेल. तो आला, ट्रंक ठेवली, बनूसाठी आणलेल्या गोळ्यांचा डबा काढून दिला, आणि सगळं ऐकून खाली मान घालून बसला. “आये, हे काय बरं न्हाई. पर युनिटात शंभर जवानांम्होरं मी वरडतो, आन् आबांम्होरं माझं तोंड उघडत न्हाई बघ.” असा हा शिपाईगडी! साळूबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आपल्याच पोटचा, आपल्यावरच गेलेला. त्याला काय बोलायचं?

लग्नाला दहाबारा दिवस राहिले. दारात मांडवाच्या मेढी पडल्या, बाया हळद फोडायला जमल्या, आणि नेमका तेव्हाच सायकलवरून पोलीस आला. इस्लामपूरच्या कोर्टाचं समन्स होतं. लग्नं आष्ट्यात लागायची होती, म्हणून तिकडचं कोर्ट. हळदीची फिरती जाती थांबली. जोतीरामनं कागद वाचला. तुम्ही तुमच्या अज्ञान मुलीचं लग्न लावत आहात अशी तक्रार आली आहे, ते का थांबवू नये हे अमुक तारखेला येऊन सांगा, मुलीलाही आणा.

“तकरार? कुनी केली?” नाथाजीचा पहिला डोळा बायकोवर, दुसरा शाळामास्तराच्या घराकडं.

जोतीरामनं कागद पुन्हा पाहिला. तो गोंधळला होता. “शालन आप्पासो.”

“कोन शालन?”

“आपली शालन, आबा. नवरी.”

पुढचा अर्धा तास नाथाजी जे बोलला ते इथं सांगण्यासारखं नाही. सून व्हायच्या आधी सासऱ्याला कोर्टात वढती, घरात आल्यावर फासावर चढवंल, एवढंच त्यातल्या त्यात बरं. इकडं साळूबाई आत गेली. देव्हाऱ्यापुढं तिनं खडीसाखरेचा खडा ठेवला आणि हात जोडले. कुणासाठी ते देवालाही नाव घेऊन सांगितलं नाही, न जाणो, बाहेर ऐकू जायचं. तिची छाती भरून आली होती आणि लाजही वाटत होती. जन्म दिलेल्या आईला जे जमलं नाही ते एका परक्या पोरीनं केलं होतं. आणि स्वतःचं ठरलेलं लग्न पणाला लावून केलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पासो स्वतः आले. रागानं लालबुंद. त्यांच्याकडूनच सगळं कळलं. आष्ट्याच्या महिला मंडळात सांगलीच्या कुणी चारुलताबाई वकिलीण भाषणाला आल्या होत्या. कायदा बदललाय, मुलीचं वय आता अठरा झालंय, आणि लग्न लागायच्या आधीच कोर्टाकडून मनाई आणता येते, असं त्या सांगून गेल्या. शालननं ते बरोबर ध्यानात ठेवलं, आणि एका सकाळी एसटी धरून सरळ त्यांच्याकडं गेली. अजून तिथंच होती.

“तुमी काय बी घोर करू नगा,” आप्पासो म्हणाले. “वकील दिलाय म्या. कोर्टात पोरीचं वय अठरा सांगायचं आन् गप बसायचं. मनाई उडाली की मांडव ठरल्या दिवशी. आमच्या कार्टीला हातपाय बांधून पाटावर बसवतो का न्हाई बघा!”

नाथाजीला आता तसली सून नको होती. पण साटं म्हटलं की दोन्ही अंगांनी गाठ. त्यानं मान हलवली. साळूबाई दाराआडून सगळं ऐकत होती. म्हणजे कोर्टात जे व्हायचं त्यावर आता एक सोडून दोन पोरी टांगल्या होत्या.

तारखेला सगळे इस्लामपुरात पोचले. नाथाजीनं ठेवणीतला पटका बांधला होता. आप्पासोंच्या वकिलानं त्याला व्हरांड्यात कोपऱ्यात घेऊन घोकंपट्टी करून घेतली. “वय विचारलं तर अठरा. बाकी काही विचारलं तर माहीत नाही. जास्त बोलायचं नाही. समजलं?” नाथाजी म्हणाला, समजलं. जास्त बोलू नको, हे त्याला जन्मात पहिल्यांदाच कुणी फी घेऊन सांगत होतं.

कोर्टात मागच्या बाकावर साळूबाई बनूला जवळ घेऊन बसली. बनू तोंडात गोळी चघळत वरच्या पंख्याकडं बघत होती. शालन पुढं उभी होती. साधं निळं पातळ, घट्ट वेणी, आणि पदराचं टोक मुठीत आवळून धरलेलं, ते साळूबाईला एवढ्या लांबूनही दिसलं.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी तिलाच आधी विचारलं. “तू स्वतः सज्ञान आहेस. तुझं लग्न ठरलंय. मग या दुसऱ्या मुलीसाठी तू का आलीस?”

शालन म्हणाली, “साहेब, आमची इंदूवैनी चौदाव्या वर्षी आमच्या घरात आली. माझ्याबरोबर गजगे खेळायची. सोळाव्या वर्षी बाळंतपणात माझ्या मांडीवर गेली. तिची लुगडी धुवायला नदीवर मीच गेले होते. किती धुतली तरी डाग निघत नव्हते. आता तिच्या जागी ही आणायची, आणि हिच्या बदली मी नवरी होऊन जायचं. मला नाही व्हायचं, साहेब. माझं लग्न नाही झालं तरी चालेल.”

भिंतीशी उभ्या असलेल्या लालासाहेबानं तोंडावर उपरणं धरलं. साळूबाईला वाटलं, उठावं आणि या पोरीला पोटाशी धरावं. पण उठायची हिंमत झाली नाही.

मग नाथाजीला बोलावलं. चारुलताबाई चष्मा पुसत उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, शांत बाई.

“नाथाजीराव, तुमच्या बनूचं वय किती?”

“अठरा. पुरी अठरा. येत्या आखाडात एकुनीस.”

“बरं. तुम्ही कराडच्या बाजूचे, नाही का? मग कोयनेच्या भूकंपात तुमच्या गावाला फार सोसावं लागलं असेल.”

आप्पासोंचा वकील ताडकन उठला. “साहेब, याचा इथं काही संबंध नाही—” पण आता काय उपयोग! भूकंप म्हटल्यावर नाथाजी सुटला होता. बांध फुटल्यावर पाणी कुणाच्या बापाला ऐकतंय?

“काय सांगू बाई तुमास्नी! सदुसष्ट साल. पहाटंचा वकुत. थंडी अशी पडल्याली, आन् एकदम जमिनीच्या पोटातनं घर्रर्र! म्या म्हनलं, एवढ्या पहाटंचं जातं कोन वढतंय? तवर आढं करकराय लागलं. म्या उठलो, बैलं सोडली, म्हस सोडली, आंगनात आनली—”

“आधी जनावरं?” साहेबांनीच विचारलं.

“मग! दाव्याला गळफास बसून मेली असती की. तवर ही वरडली,” त्यानं मागं साळूबाईकडं हात केला. “आवं, बनू आत ऱ्हायली! म्या तसाच माघारी. आत झोळी टांगल्याली, आढ्याला. आन् बघतो तर काय साहेब, झोळी आपली आपुन झुलतीया! ह्या भितीपासनं त्या भितीपातुर. कुनी हात लावल्याला न्हाई. आन् झोळीत माझी लेक हसतीया! घर पडाय लागलंय आन् ही हसतीया! धरतरीनं माझ्या लेकीला झोका दिला, साहेब! म्या उचलली, छातीशी धरली, भाईर उडी टाकली, आन् मागं अख्खी भित झोळीच्या जागंवर धबाक्‌कन—”

इथं नाथाजी नेहमी मांडीवर थाप मारायचा. त्याचा हात उचलला गेला, आणि तसाच वर राहिला.

“किती मोठी होती हो ती?” चारुलताबाईंनी हळूच विचारलं.

“दीड वर्साची.” नाथाजीचा आवाज उतरला. “दात येत हुतं तिला.”

वकिलानं कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, “आज ती अठराची असेल तर तेव्हा सात वर्षांची झाली. सात वर्षांच्या मुलीला झोळीत घालता तुम्ही?” आणि सगळं कोर्ट खो खो हसलं. शिपाईसुद्धा हसला. नाथाजी तेवढा हसला नाही. तो मागच्या बाकाकडं बघत होता.

बनूला हे कुठलं कळायला? तिला एवढंच कळलं की आबा आपली गोष्ट सांगताहेत आणि शेवट न करताच थांबलेत. रोज रात्री झोपताना ऐकलेली गोष्ट. शेवट राहिला तर तिला चालत नसे. ती बाकावरून उठली आणि भरकोर्टात ओरडली, “आबा, फुडलं सांगा की! ‘तवाच म्या म्हनलं, आता हिच्यावर कसलीबी भित पडू देनार न्हाई!’”

नाथाजीनं पटका काढला. त्यानंच तोंड झाकून घेतलं आणि तो पिंजऱ्याच्या कठड्यावर वाकून रडायला लागला. साळूबाईनं चाळीस वर्षांत त्याला रडताना पाहिलं नव्हतं. सासरा गेला तेव्हाही नाही.

“साहेब,” तो म्हणाला, “ल्हान हाय पोर. बारा सरून तेरावं चालू हाय. खोटं बोललो म्या.”

साहेबांनी हुकूम लिहिला आणि वाचून दाखवला. बनूचं लग्न अठरा वर्षं पुरी होईपर्यंत कुणी लावायचं नाही, आणि जो लावील तो तुरुंगात जाईल. साळूबाईला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत. पण अठरा हा आकडा कळला. तिनं बनूचा हात एवढा घट्ट धरला की पोरगी “आये, दुखतंय!” म्हणून किंचाळली.

सगळे बाहेर आवारात लिंबाखाली आले. आप्पासो तिथं वाटच बघत होते. त्यांनी शालनचं मनगट धरलं. “साटं मोडलं तर लोटंबी मोडलं! नाक कापलंस भरबाजारात. चल घरला, दावतो तुला! पयला मिळंल त्या बिजवराच्या गळ्यात बांधतो का न्हाई बघ.”

नाथाजी खाली बसून डोळे पुसत होता. जोतीराम एकदा बापाकडं बघत होता, एकदा शालनकडं. आणि साळूबाईला उमगलं की आता इथं बोलणारं दुसरं कुणी नाही. परक्या पुरुषापुढं ती आयुष्यात बोलली नव्हती. ती पुढं झाली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “आप्पासो, हात सोडा. माझी सून हाय ती.”

“कसली सून! मोडलं म्हनलं न्हवं!”

“तुमी मोडलं आसंल. म्या न्हाई मोडलं.” ती थांबली नाही. “आन् पोरगी ईस वर्साची हाय. साहेबानी आत्ताच सांगितलं की, अठराच्या आत कुनी लावायचं न्हाई. मग अठराच्या म्होरं कुनी दांडगाई करायची बी न्हाई. तिला करायचं तर तिच्या मर्जीनं करंल.”

चारुलताबाई हसल्या. “बाई, वकिली कुठं शिकलात?”

“हितंच. आत्ता.”

नाथाजी तोंड उघडं टाकून बायकोकडं बघत राहिला. चाळीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच शब्द सापडेना.

लालासाहेबानं येऊन बापाचा हात शालनच्या मनगटावरून अलगद काढला. “आप्पा, सोडा. त्या ल्हान पोरीच्या इचारानं मला झोप न्हवती लागत. मला मेल्याला बोलाय जमलं न्हाई, शाली बोलली. आता आनी तिला काय करू नगा.” आप्पासोंनी त्याच्याकडं पाहिलं, जमिनीवर थुंकले आणि एसटी स्टँडाकडं चालू लागले.

साळूबाई शालनकडं वळली. तिचे दोन्ही हात हातात घेतले. “पोरी, तुला इचारलंच न्हाई कुनी. माझा ल्योक करायचाय का तुला? न्हाई म्हनलीस तरी चालंल. तुझं उपकार मी या जल्मात इसरत न्हाई. माझी लेक तू मला माघारी दिलीस.”

शालननं डोळे पुसले आणि जोतीरामकडं पाहिलं. तो गडबडून एकदम ताठ उभा राहिला, जणू साहेब आला. “मला… मला काय अडचन न्हाई,” तो म्हणाला. “रजा अजून पंधरा दिस हाय.”

शालनला रडता रडता हसू आलं. “व्हय,” ती म्हणाली. “करायचाय, आत्या.”

लग्न नाथाजीच्या दारात लागलं. आप्पासो आले नाहीत ते नाहीच आले. पुढं नातवाच्या बारशाला पेढे घेऊन आले, पण ते पुढचं. लालासाहेब मात्र आला, नवरीचा भाऊ म्हणून उभा राहिला, आणि कानपिळीच्या वेळी त्यानं जोतीरामचा कान असा पिळला की मिल्ट्रीतला गडी बोंबलला. बनू नवं पोलकं घालून मांडवभर अक्षता वाटत फिरत होती. तिच्याकडं बघून साळूबाईचे डोळे सारखे भरून येत होते. बाया म्हणाल्या, सून आली म्हणून रडतीस व्हय गं? ती म्हणाली, व्हय.

लक्ष्मीपूजन झालं. नाथाजीनं तांदळाची परात आणून नवरानवरीपुढं ठेवली आणि जोतीरामच्या हातात अंगठी दिली. “ल्ही. नाव लक्षुमी ठरलंय.”

“न्हाई,” साळूबाई म्हणाली.

कोर्टापासून ही बाई आता असं मधूनमधून बोलायची. घराला सवय व्हायला वेळ लागत होता. “शालन म्हनूनच तिनं त्या कागदावर सही केली. त्या नावामुळं माझी बनू आज घरात हाय. ते नाव पुसायचं न्हाई. शालनच ल्ही.”

म्हाताऱ्या कोताऱ्या कुजबुजल्या. असं कुठं असतं का? नाथाजीनं एकदा परातीकडं पाहिलं, एकदा अक्षतांनी भरलेल्या बनूकडं. “ल्ही रं,” तो म्हणाला. “आये सांगती तसं ल्ही.” जोतीरामनं लिहिलं, शालन.

शालन त्या अक्षरांकडं बघत बसली. मग तिनं मान वर केली. “आत्या, तुमचं म्हायेरचं नाव काय हुतं?”

नाथाजी म्हणाला, “साळू. आनी काय असनार?” म्हणाला खरा, आणि मग त्याचाच चेहरा उतरला. जगभराच्या गोष्टी सांगणाऱ्या या माणसाला बायकोचं नाव माहीत नव्हतं, आणि कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

साळूबाई खाली बसली. नाव तिलाही लगेच आठवेना. तिनं डोळे मिटले. माहेरचं खळं, दिवेलागणीची वेळ, कडब्याच्या गंजीमागं लपलेली ती, आणि दारातून आई हाका मारतेय. काय म्हणून हाक मारतेय? आधी आईचा आवाज आठवला, मग त्या आवाजातून नाव आलं.

“गजरा,” ती म्हणाली. “मला गजरा म्हनत.”

बनू धावत आली. परातीत शालनच्या नावाखाली जागा होती. तिथं तिनं बोटानं सहावीतल्या वळणदार अक्षरात ‘गजरा’ लिहिलं, वर फूल काढलं, आणि खट्याळ पोर ती, आईच्या तोंडापुढं तोंड नेऊन मोठ्यांदा हाक मारली, “गजरेऽऽ!”

साळूबाईच्या तोंडून ‘ओ’ आधी गेला. रडू मागून आलं.